खर्चाच्या वहीत ‘पाय’ नावाचा रकाना

पत्र:

ताई, नमस्कार.

आम्ही नवरा-बायकोने युरोपच्या तीन फेऱ्या केल्या. २०११ च्या मे महिन्यात मुलांना आईकडे ठेवून बारा दिवसांची ग्रुप टूर. २०१७ च्या जूनमध्ये चौदा आणि अकरा वर्षांच्या मुलांना घेऊन सतरा दिवस, सगळं स्वतःच ठरवून. आणि २०२४ च्या मे-जूनमध्ये आम्ही दोघंच, सव्वीस दिवस, भाड्याच्या घरात: बारा दिवस इटलीतलं बोलोन्या, चौदा दिवस व्हिएन्ना. मी दर रात्री हिशेब लिहिते. तीन वह्या झाल्यात. रकाने पहिल्यापासून तेच आहेत: हॉटेल, जेवण, प्रवास, तिकिटं, खरेदी, इतर.

एकूण खर्च विमानासकट असा: २०११ मध्ये २ लाख ९० हजार, २०१७ मध्ये ६ लाख १० हजार, २०२४ मध्ये ६ लाख ४० हजार. म्हणजे चौघांना लागले त्याहून जास्त पैसे आता दोघांवर उडाले. खरेदी म्हणाल तर शेवटच्या वेळी मी एक लाकडी चमचा आणला. तरी ‘इतर’ या रकान्यात जवळजवळ एक तृतीयांश खर्च गेला आहे. हे म्हणतात, तुझी वही म्हणजे तक्रारवही आहे. इटलीत मी काउंटरपाशी उभी राहून कॉफी घेते, ह्यांना टेबलावर बसून हवी असते, तिचे पैसे जास्त पडतात. मी ते लिहिलं. तेव्हापासून हे काय खर्च केलं ते सांगतच नाहीत.

येत्या वसंतात पुन्हा पाच आठवडे जायचं आहे: व्हिएन्ना, बुडापेस्ट, शेवटी थोडं इटली. मी उधळी होत चालले आहे, की माझ्या हिशेबातच खोट आहे?

ता. क. २०११ च्या वहीत वीस स्विस फ्रँकची एक नोट चिकटवलेली आहे, तेव्हा उरलेली. तिचं काय करावं?

तीन वह्यांवाली

उत्तर:

वहीवाल्या ताई,

तुम्ही उधळ्या नाही आहात हे मी आधीच सांगून टाकते, कारण पत्र वाचून झाल्यावर मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. तुमची बेरीज चुकलेली नाही. तुलना चुकली आहे.

पहिलं म्हणजे रुपये बाजूला ठेवा. २०११ च्या मे महिन्यात एक युरो साधारण ६४ रुपयांना होता, २०१७ च्या जूनमध्ये ७२ च्या आसपास आणि २०२४ मध्ये ९० च्या. तेवढ्याच युरोंची तेवढीच कॉफी प्यायलात तरी तुमच्या वहीत ती दीडपटीच्या जवळ गेली असती. त्यात तुमच्या यजमानांच्या बसण्याचा काहीही दोष नाही. तिन्ही आकडे युरोत आणा आणि माणसं गुणिले दिवस यांनी भागा. २०११: साधारण ४,५३० युरो, दोन माणसं बारा दिवस, म्हणजे माणशी रोज १८९. २०१७: ८,४७० युरो, चार माणसं सतरा दिवस, म्हणजे १२५. २०२४: ७,११० युरो, दोन माणसं सव्वीस दिवस, म्हणजे १३७.

तुमची सगळ्यात महागडी फेरी २०११ ची होती! जिचा एकूण आकडा सगळ्यात लहान, तीच.

आता तुम्ही म्हणाल, ही चलाखी झाली, दिवस जास्त असले की विमानाचं भाडं पसरतं. बरोबर आहे. म्हणून दुसरी फोड करायची: तिथे पोचण्याचा खर्च वेगळा आणि तिथे असण्याचा वेगळा. पोचण्यात विमान, व्हिसा, विमा. शेंगेन व्हिसाची फी २०११ आणि २०१७ मध्ये ६० युरो होती, तुम्ही २०२४ च्या मे महिन्याआधी काढलात तेव्हा ८०, आणि ११ जून २०२४ पासून ९०. विम्याला किमान ३० हजार युरोंचं संरक्षण लागतंच. या गोष्टींवर तुमची काटकसर चालत नाही, मग त्यांच्यासाठी रोज रात्री स्वतःला टोचून घेण्यात अर्थ नाही. पोचण्याच्या खर्चाचा नेमका आकडा तुम्ही पत्रात दिलेला नाही. अंदाज म्हणून २०१७ चे दोन लाख आणि २०२४ चे एक लाख सत्तर हजार बाजूला काढले, तर तिथे असण्याचा खर्च माणशी रोज ८४ युरोंवरून १०० युरोंवर गेलेला दिसतो. तुमचे खरे आकडे घालून बघा, फार हलणार नाही. आणि त्याच सात वर्षांत युरो वापरणाऱ्या देशांतली एकूण महागाई जवळपास पाव पटीने वाढली. एकट्या ऑक्टोबर २०२२ मध्ये वार्षिक दर १०.६ टक्क्यांवर होता. ८४ ची पाव पट वाढ म्हणजे १०५. तुम्ही १०० मध्ये राहिलात.

शिवाय २०१७ चा आकडा मुळातच हलका आहे, कारण बरोबर दोन मुलं होती. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अठराच्या आतल्यांना तिकीट नाही, इटलीच्या सरकारी संग्रहालयांतही नाही. चौघांच्या तिकिटांत तुम्ही दोघांचे पैसे भरत होतात. मुलं मोठी झाली की ही सवलत गुपचूप निघून जाते आणि आईला वाटतं आपलाच हात सैल झाला. उलट तिकिटं महागताहेत: लूव्रचं २०२४ च्या जानेवारीत २२ युरो झालं आणि २०२६ च्या जानेवारीपासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्यांना ३२.

हा झाला गणिताचा भाग. मला खरा रस आहे तो तुमच्या रकान्यांमध्ये.

ते सहा रकाने तुम्ही २०११ मध्ये आखलेत, आणि तेव्हाही ते तुमचे नव्हते. टूर कंपनीच्या पत्रकात ‘समाविष्ट’ आणि ‘असमाविष्ट’ असं असतं ना, त्याचीच ती सावली आहे. त्या फेरीत हॉटेल, जेवण, बस सगळं आधीच भरलेलं, हातात उरायची ती खरेदी आणि आइस्क्रीम. तेव्हा ‘खरेदी’ हा रकाना महत्त्वाचा होता आणि ‘इतर’ म्हणजे चिल्लर. २०२४ मध्ये ‘खरेदी’त एक लाकडी चमचा आणि ‘इतर’मध्ये एक तृतीयांश खर्च! ‘इतर’ एवढा फुगला याचा अर्थ तुम्हाला ज्याची आता किंमत वाटते त्याला तुमच्या वहीत नावच नाही.

बोलोन्यातला एक दिवस घेऊ. तुम्ही पान पाठवलेलं नाही, पण बारा दिवस भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसाचं पान कसं दिसतं ते मला माहीत आहे, माझ्याही कपाटात तसली पानं आहेत. समजा गुरुवार. सकाळी बाजारातून टोमॅटो, पाव, चीज: ११.४०. धुलाईयंत्रवाल्या दुकानात एक फेरी: ९. औषधाच्या दुकानातून गुडघ्याला लावायचा पट्टा: १८. दुपारी चौकात दोन कॉफ्या, बसून: ८. संध्याकाळी चर्चमधलं ऑर्गनवादन, दोघांचं मिळून ३०. परतताना पाय बोलायला लागले म्हणून टॅक्सी: १२. जुन्या रकान्यांत टोमॅटो ‘जेवण’मध्ये गेले, टॅक्सी ‘प्रवास’मध्ये, वादन कदाचित ‘तिकिटं’मध्ये, आणि बाकी पस्तीस युरो ‘इतर’मध्ये बुडाले. या पानावरून तुम्हाला काय कळलं? काही नाही.

तोच दिवस मी असा लिहीन. टोमॅटो आणि धुलाई एका नावाखाली: ‘घर’. ऑर्गन: ‘संगीत नि चित्रं’. आणि गुडघ्याचा पट्टा, टॅक्सी, बसून घेतलेल्या कॉफ्या हे सगळं एका नव्या रकान्यात. त्याचं नाव ‘पाय’.

हसू नका. पन्नाशीनंतरच्या युरोपात हा रकाना हॉटेलच्या खालोखाल मोठा असतो आणि बहुतेक लोक तो कुठेच लिहीत नाहीत. स्टेशनजवळची खोली वीस युरोंनी महाग पडली, ते पाय. स्टेशनवर लॉकरमध्ये बॅगा ठेवल्या, ते पाय. लिफ्ट असलेली इमारत निवडली, ते पाय. तुमच्या यजमानांची टेबलावरची कॉफी, जिने घरात एवढं महाभारत घडवलं, तीही पायच. इटलीत काउंटरपाशी घेतलेल्या आणि टेबलावर मागवलेल्या कॉफीचे दर वेगळे असतात, ते दरपत्रकावर लिहिलेलं असतं, त्यात कुणी फसवत नाही. कॉफी तीच असते, वरचे पैसे खुर्चीचं भाडं असतात. पन्नाशी उलटलेल्या माणसाने दुपारी तीन वाजता अर्धा तास खुर्ची भाड्याने घेतली आणि त्यामुळे संध्याकाळचं वादन ऐकायला तो जागा राहिला, तर हे कॉफीवरचे जादा पैसे आहेत की वादनाच्या तिकिटाचा भाग?

आणि व्हिएन्नाला गेल्यावर तर हा वादच मिटतो. तिथल्या कॉफीहाउसात कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, वर्तमानपत्रं टांगलेली असतात, एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. या बसण्याच्या संस्कृतीला ऑस्ट्रियाने २०११ मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातलंय. तुम्ही बसमधून उतरून फोटो काढत होतात त्याच वर्षी! यजमानांना हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझं म्हणणं एवढंच की खर्च वस्तूच्या जातीप्रमाणे लिहू नका, तो ज्या निर्णयामुळे झाला त्याच्याखाली लिहा. याचा सगळ्यात चांगला पुरावा तुमच्या २०१७ च्या वहीत सापडेल असं मला वाटतं. मुलांना घेऊन फिरताना एखादं स्वस्त विमान घेतलं असेलच. असली बरीच विमानं पॅरिसला उतरतो म्हणतात आणि उतरतात बोव्हेला, शहरापासून ऐंशीएक किलोमीटर लांब. वहीत काय लिहिलं जातं? विमान: ‘प्रवास’, प्रत्येकी पंचवीस युरो, शाब्बास. बॅगेचे वेगळे पैसे: ‘इतर’. शहरात यायची बस, चौघांची: पुन्हा ‘प्रवास’, पण दुसऱ्या ओळीत. पहाटेचं विमान म्हणून विमानतळाजवळ काढलेली रात्र: ‘हॉटेल’. तो निर्णय तीन रकान्यांत विखुरला आणि पंचवीसचा आकडा तेवढा लक्षात राहिला. सगळं एका ओळीत लिहिलं असतं तर दिवसा जाणारी आगगाडी बरी पडली असती हे तिथल्या तिथे दिसलं असतं. (आगगाडीचंही तेच. युरेलचा पास आहे म्हणून सगळं फुकट असं समजू नका. फ्रान्स आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं, आणि ते त्या पासच्याच ओळीत लिहायचं.)

राहण्याचंही असंच. खोलीच्या भाड्याखालीच तिच्यामुळे होणारी रोजची ये-जा लिहा, आणि शहराचा पर्यटक कर लिहा. हा कर ऑनलाइन दाखवलेल्या भाड्यात बऱ्याचदा नसतो, निघताना काउंटरवर मागतात, आणि मग तो थकलेल्या माणसाच्या ‘इतर’मध्ये जातो. रोममध्ये २०२३ च्या ऑक्टोबरपासून चार तारांकित हॉटेलात माणशी रात्रीचे साडेसात युरो आहेत, दोघांचे पाच रात्रींचे पंचाहत्तर. ही चिल्लर नव्हे. अ‍ॅमस्टरडॅमला तर २०२४ पासून खोलीच्या भाड्याच्या साडेबारा टक्के घेतात. व्हेनिसला रात्री न राहता दिवसापुरतं डोकावायचं म्हटलं तर ठरावीक तारखांना प्रवेशशुल्क आहे. २०२४ च्या २५ एप्रिलला ते पाच युरोंनी सुरू झालं, पुढच्या वर्षी उशिरा नोंदवणाऱ्यांना दहा केलं. इटलीचा टप्पा आखताना एवढं ध्यानात असू द्या.

आता एक रकाना माझ्या वहीतला देते. मी त्याला ‘शिकवणी’ म्हणते. इटलीतल्या एका छोट्या स्टेशनवर मी आणि माझी बहीण धावत गाडीत चढलो. कागदी तिकीट हातात होतं, ते फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवायची असते हे माहीतच नव्हतं. तिकीट तपासनीस आला. आम्ही तिकीट दाखवलं, त्याने शिक्का नसलेली कडा दाखवली. बहीण मराठीतच भांडायला लागली, तो इटालियनमध्ये शांतपणे पावती फाडत राहिला. दंड भरला. त्या रात्री मी तो ‘प्रवास’मध्ये लिहिला आणि पूर्ण फेरीचा प्रवासखर्च बघून पुढे दोन वर्षं सगळ्यांना सांगत सुटले की इटलीत रेल्वे महाग आहे. रेल्वे महाग नव्हती, मी अडाणी होते. तेव्हापासून अज्ञानाचे पैसे वेगळे लिहिते. शिकवणीचा आकडा फेरीगणिक कमी झाला पाहिजे. ‘पाय’ आणि ‘संगीत’ वाढले तरी चालतील.

बुडापेस्टला शिकवणी भरायची वेळ येऊ शकते म्हणून आत्ताच सांगते. तिथे युरो नाही, फोरिंट आहे. एटीएम किंवा दुकानातलं कार्डयंत्र नम्रपणे विचारेल, रक्कम रुपयांत वळवून घेऊ का? दिसायला मदत आहे, पण दर त्यांचा असतो आणि तो तुमच्या नुकसानीचा असतो. नेहमी स्थानिक चलन निवडा. तुमच्या कार्डावर बँक परकीय चलनाचे साडेतीन टक्क्यांपर्यंत वेगळे घेते आणि त्यावर जीएसटी, तेवढं पुरेसं आहे. वहीतही फोरिंट म्हणूनच लिहा. तिथल्या तिथे मनात रुपये करत बसलात की दोन गोष्टी होतात: आकडा चुकतो आणि पाण्याची बाटलीसुद्धा घशाखाली उतरत नाही. रुपये एकदाच करायचे, घरी आल्यावर, कार्डाचं विवरणपत्र समोर ठेवून. खरा दर तोच.

विवरणपत्रावरून आठवलं. काही रकमा दिसतात खर्चासारख्या, पण खर्च नसतात. हॉटेलवाले कार्डावर अनामत अडकवून ठेवतात, ती सुटते. परदेशी सहलीच्या किंवा पैसे पाठवण्याच्या वेळी टीसीएस (आधीच घेऊन ठेवलेला कर) कापला जातो, तो तुमच्याच प्राप्तिकरात वळता होतो, विवरणपत्र भरताना मागायला विसरू नका. खरेदीवरच्या व्हॅटचा परतावा हाती पडला तरच वजा करा, विमानतळावर फॉर्म भरला म्हणजे पैसे आले असं नव्हे. तुमच्या लाकडी चमच्याला तो मिळणार नव्हताच, इटलीत एका पावतीवर सत्तर युरोंहून अधिक खरेदी लागते. आणि उरलेल्या नोटा-नाणी: २०११ मध्ये उरलेले युरो तुम्ही ‘खर्च’ धरले आणि २०१७ मध्ये तेच वापरून पुन्हा लिहिले, असं तर झालं नाही ना? पहिल्या वहीचं शेवटचं पान बघा.

आता यजमान.

ताई, तुम्ही हिशेब ठेवता याला माझी हरकत नाही. पण तुम्ही माणसाचा हिशेब ठेवायला लागलात आणि तिथे फिसकटलं. कुणीही सज्जन माणूस असल्या वहीत आपलं नाव तिसऱ्यांदा आलं की बोलायचं थांबतो. यावर माझा एक जुना उपाय आहे: दोघांना प्रत्येकी एक बिनहिशेबी पाकीट. दर सोमवारी ठरलेली रक्कम दोघांच्या पाकिटात सारखी घालायची, समजा साठ युरो. वहीत एकच ओळ: ‘पाकिटं, १२०’. त्यातून त्यांनी कॉफी प्यावी, केक खावा, ट्रामची छोटी प्रतिकृती घ्यावी, तुम्ही विचारायचं नाही. तुम्ही त्यातून उभ्याने कॉफी पिऊन उरलेल्यात ऑपेराचं उभ्याचं तिकीट काढलंत तरी ते विचारणार नाहीत. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभ्याने ऐकायची तिकिटं खुर्चीच्या मानाने फारच स्वस्त असतात, तुम्हाला उभं राहणं जमतंच. जे दोघांसाठी आहे ते वहीत, जे एकेकट्याचं आहे ते पाकिटात. साठ कमी पडले तर आठवड्याने सत्तर करा, पण दोघांचे करा. बुडापेस्टची गरम पाण्याची कुंडं पाकिटातून की ‘पाय’मधून, हे भांडण मात्र मी सोडवणार नाही.

आणखी एक सवय लावा, शून्याची नोंद. बोलोन्यात तुम्ही सान लुकाच्या टेकडीवर चालत गेला असालच. शहराच्या वेशीपासून वरच्या चर्चपर्यंत जवळपास पावणेचार किलोमीटर सलग कमानींची छत्री, ६६६ कमानी, ऊन-पाऊस काही लागत नाही, तिकीट नाही. तुमच्या वहीत त्या दिवशी काय आहे? बहुधा पाण्याची बाटली. त्या ओळीच्या वर लिहा: ‘सान लुका, ०’. माद्रिदला प्रादो संग्रहालय संध्याकाळचे शेवटचे दोन तास फुकट असतं, इटलीची सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून बस-ट्राम-रेल्वेला तिकीटच नाही. फुकटाच्या नादाने तिकडे जा असं मी म्हणत नाही, पहिल्या रविवारी त्या संग्रहालयांत चित्र कमी आणि माणसांच्या पाठी जास्त दिसतात. पण जे फुकट आणि सुंदर होतं ते वहीत नसलं, तर वर्षभराने वही उघडल्यावर तुम्हाला फक्त महाग गोष्टी आठवतील. तुमची वही तक्रारवही वाटते याचं एक कारण हेही असेल.

‘वर्थ होतं का’ असा शेरा रोज रात्री लिहिता का? लिहीत असाल तर पेन्सिलने लिहा. रात्री दहाला सुजलेल्या पावलांनी लिहिलेला शेरा खरा नसतो. माझ्या एका वहीत युंगफ्राऊयोख या स्विस पर्वतस्थानकाच्या नावापुढे ‘फार महाग, नुसतं ढग’ असं लिहिलेलं आहे. ३,४५४ मीटर वर जाऊन ढग बघितले होते, त्या रात्री खरंच राग आला होता. आज त्या फेरीतलं दुसरं काही विचाराल तर नीट आठवत नाही, पण त्या ढगात बहिणीने बर्फात बूट हरवला होता ते आमच्याकडे अजून दर दिवाळीला निघतं. तो शेरा मी नंतर खोडला. उलट त्याच वहीत एका खरेदीपुढे ‘मस्त सौदा’ लिहिलंय, ती वस्तू आता कुठे आहे देव जाणे. शेरा दोनदा द्या: एकदा त्या रात्री, एकदा परतल्यावर दोन महिन्यांनी, वेगळ्या शाईने. जिथे दोन्ही शेरे जुळतील ते पुढच्या फेरीत आधी धरा. मला विचाराल तर पुढचं अंदाजपत्रक या जुळलेल्या ओळींवरूनच करावं, मागच्या एकूण बेरजेवर दहा टक्के चढवून नव्हे.

पाच आठवड्यांच्या फेरीसाठी एवढंच अजून सांगते: दोनपेक्षा जास्त आठवडे एका शहरात राहणार असाल तर रोजची तिकिटं काढू नका. वाहतुकीचा आठवड्याचा किंवा महिन्याचा पास, आणि एखादं संग्रहालय आवडलंच तर त्याचं वार्षिक कार्ड किती फेऱ्यांत सुटतं ते बघा. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमचं असं कार्ड मिळतं. वार्षिक कार्डाचा खरा फायदा पैशांत नाही. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून माणूस चार तास पाय ओढत राहतो. कार्ड असलं की चाळीस मिनिटं ब्रॉयगेलची चित्रं बघून बाहेर पडता येतं, उद्या पुन्हा यायचं म्हणून. ते ‘चित्रं’मध्ये लिहा की ‘पाय’मध्ये, दोन्ही बरोबर.

जुन्या वह्या नव्या रकान्यांत उतरवत बसू नका. २०११ ची बाई काय बघायला गेली होती ते तिच्याच रकान्यांत राहू दे. फक्त २०२४ ची वही एका दुपारी घ्या, यजमानांना शेजारी बसवा (चहा करून, बसून), आणि ‘इतर’ तेवढा फोडा. कशात काय जातं यावर त्यांचं मत घ्या. त्या वहीत ते तुमच्या इतकेच होते.

आता ती नोट. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जी तांबूस वीस फ्रँकची नोट मिळायची ती आठव्या मालिकेतली. ती मालिका ३० एप्रिल २०२१ ला चलनातून काढली, त्यामुळे दुकानात कुणी घेणार नाही. पण स्विस नॅशनल बँक ती पूर्ण किमतीला बदलून देते आणि त्याला मुदत नाही, बर्न किंवा झुरिकच्या कचेरीत नेली की झालं. गंमत अशी की २०११ च्या मे महिन्यात फ्रँक युरोपेक्षा स्वस्त होता आणि २०२४ मध्ये महाग झाला होता, म्हणजे तुमच्या तिन्ही वह्यांत न वापरता वाढलेला पैसा हा एवढाच. मात्र व्हिएन्नाहून झुरिकला जाण्याचं भाडं वीस फ्रँकच्या पुढे जाईल. आणि खरं सांगू का, डिंक सोडवायच्या आधी त्या नोटेवरचा चेहरा बघा. तो आर्थर होनेगर आहे, संगीतकार. तेव्हा तो कोण हे विचारायला तुम्हाला वेळ नव्हता, बस सुटणार होती. यंदा व्हिएन्नाला त्याचं काही वाजणार असेल तर तिकीट काढा, आणि ते कुठल्या रकान्यात लिहिलंत ते मला कळवा.